मामांची दाढी आणि आमचे साडू

दाढी या विषयावर आमच्या साडूंनी जितका विचार केला तितका उभ्या मुंबईत दुसऱ्या कोणी केला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. गंमत अशी, की त्यांना स्वतःला धड दाढी येतच नसे. हनुवटीवर थोडं रान, ओठावर मिशीचा बारीकसा बांध, आणि दोन्ही गालांवर दुष्काळी तालुक्यातल्या गवतासारखे इथे चार, तिथे चार केस. दुसऱ्या कोणी आठवड्यातून एकदा पातं फिरवून विषय मिटवला असता. पण साडूंची कातडी तान्ह्या पोरासारखी नाजूक. जरा पातं चुकलं की लाल पुरळ उठायचं, गळ्यापर्यंत आग व्हायची, आणि शर्टाची कॉलर दिवसभर वैऱ्यासारखी टोचायची. तरी दाढी मात्र रोज, न चुकता. का, असं विचारलं तर म्हणायचे, "साडूभाऊ, माणूस दिवसाची सुरुवात स्वतःचं तोंड बघून करतो. ते तोंड आपलं आहे असं वाटायला नको?" हे बोलताना एक गाल साबणाने माखलेला असायचा, त्यामुळे वाक्याचं जे वजन पडायला हवं ते पडायचं नाही.

आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणायचो. मुलुंडला एका सोसायटीत दोन खोल्यांचा ब्लॉक, आणि नोकरी सहारच्या विमानतळाजवळ, एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकुनाची. आखातातून येणाऱ्या माणसांची खोकी सोडवणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या छंदाचं मूळ तिथेच होतं. आम्ही सगळे तेव्हा पितळी दांडीच्या रेझरमध्ये दुधारी पातं स्क्रूने आवळून दाढी करायचो, रक्त आलं तर तुरटी फिरवायचो आणि कामाला लागायचो. पण बाहेरच्या देशांत दोन पात्यांचं तयार डोकं निघालं होतं, कार्ट्रिज. दांडीला खट्‌कन बसवायचं, बोथट झालं की खट्‌कन काढून फेकायचं. कोणी दुबईवाला खूश होऊन "साहेब, काय देऊ?" म्हणाला की बाकीचे कारकून सेंटची बाटली नाहीतर घड्याळ सांगायचे. आमचे साडू म्हणायचे, "तुम्ही दाढी कशाने करता? त्याचं एक डोकं द्या." पहिल्यांदा ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा.

अशी डोकी जमत गेली आणि साडूंनी त्यांना नावं ठेवली. एक होतं ताठ मानेचं. त्याला गालाचा चढउतार कळायचा नाही, आपणच दांडी वळवायची. त्याचं नाव हेडमास्तर. दुसऱ्याचं डोकं बिजागरीवर हलायचं, गाल जिकडे वळेल तिकडे तेही मान डोलवत वळायचं. तो होयबा. तिसरा नंतर आला, त्याच्या कपाळावर एक बुळबुळीत पट्टी होती, ओली झाली की गालावरून लोण्यासारखी सरकायची. त्याला ते लोण्या म्हणायचे. या तिघांची तुलना हा त्यांचा रोजचा उद्योग. डाव्या गालावर एक, उजव्या गालावर दुसरा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर निकाल. "हेडमास्तर कापतो छान, पण दुपारी चारला आग करतो. होयबा हनुवटीला उत्तम, पण नाकाखाली घुटमळतो. लोण्याचे लाड पहिले चार दिवस, पट्टी झिजली की तो परका." हे सगळं ते समोर बसलेल्या कुणालाही सांगायचे. दूधवाल्याला सांगायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायचे. एकदा साकीनाक्याच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा हात धरून त्यांनी आपल्या दोन्ही गालांवरून फिरवला आणि विचारलं, "सांगा, कुठला बरा?" तो गृहस्थ पुढच्याच स्टॉपला उतरला. "घाईत होता," साडू म्हणाले.

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी ते वरपक्षाच्या खोलीत आले. माझा पितळी रेझर बघून म्हणाले, "हे काय, औत आणलंस?" आणि मला खुर्चीवर बसवून माझी दाढी त्यांनीच सुरू केली. अर्धी होयबाने, अर्धी हेडमास्तराने. बोहल्यावर उभा होतो तेव्हा माझा उजवा गाल टोमॅटोसारखा लाल, आणि साडू पहिल्या रांगेतून डोळे बारीक करून तो गाल पाहत होते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि पहिलं अभिनंदन करायला साडूच आले, कानात म्हणाले, "हेडमास्तर बाद. तुझ्या कातडीला होयबा." ताई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली होती, "यांना चांगलं-वाईट काही कळत नाही हो. सुतकाच्या घरी गेले तरी माणसाची हनुवटी बघतात." ते खरं होतं. पण त्यात वाईट काही नव्हतं, हे आम्हाला कळायला वेळ लागला.

आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघे जावई मामा म्हणायचो, ते घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहायचे. मूळचे मालवणकडचे, आणि कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेवाले. एकाच वेळी दोन-दोन माग सांभाळणारा माणूस. घरात मोजकं बोलायचे, आणि बोलले तर मोठ्याने, कारण साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं. साडूंच्या दाढीची ते मनापासून चेष्टा करायचे. "जावयानूं, गालार असां काय पिकता, म्हणान रोज नांगर फिरवतास?" यावर साडू नेमाने हसायचे आणि नेमाने म्हणायचे, "मामा, एकदा माझ्याकडून करून घ्या. गाल आहे हे विसराल." मामा म्हणायचे, "विसरान कसां चलात? माका दुसरो नाय."

मग गिरण्यांचा संप झाला. त्याबद्दल मी काय सांगू, ज्यांच्या घरात झाला त्यांना ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी पेपरात वाचला आहे. पहिले काही महिने मामा रोज गेटवर जायचे, सभांना जायचे, घसा बसवून घरी यायचे. त्या दिवसांत एकदा मामींनी, आमच्या सासूबाईंनी, म्हटलं, दाढी वाढली, करून घ्या. मामा म्हणाले, "गिरण चालू झाल्याबिगर दाढयेक हात लावचंय नाय." त्या वेळी ती नुसती बोलायची गोष्ट होती. सगळ्यांना वाटत होतं, दिवाळीपर्यंत मिटेल. दिवाळी गेली. दुसरी दिवाळी आली. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, मामांची झाली नाही. गेटला कुलूप तसंच. आणि मामांची दाढी आधी काळी-पांढरी, मग पांढरी, मग छातीपर्यंत. मामी चार घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या. मामा दाराशी खुर्चीत बसू लागले. आधी कमी बोलणारा माणूस आता बोलेनासाच झाला. आम्ही गेलो की मान हलवायचे, चहा आला की पेला उचलायचे, निघालो की पुन्हा मान हलवायचे. मामी पोळी लाटताना एकट्याच पुटपुटायच्या, कधी देवाशी, कधी स्टोव्हशी.

बाकी सगळे त्या दाढीसमोर गप्प व्हायचे. फक्त साडू व्हायचे नाहीत. बिल्डर मोकळ्या प्लॉटकडे बघतो तसे ते मामांच्या हनुवटीकडे बघायचे. दर रविवारी मुलुंडहून घाटकोपरला यायचे, पिशवीत ब्रश, साबण, टॉवेल आणि तिन्ही रेझर. मामींना पाणी तापवायला सांगायचे, कोपर बुडवून ऊब बघायचे आणि मामांसमोर स्टूल ओढून बसायचे. "मामा, नुसती कडेची काढू. गालाचीच. हनुवटीची तुमच्या शपथेला ठेवू." मामा बघायचे नाहीत. "बरं, मग नुसता साबण लावतो, पातं नाही." तरी नाही. मग त्याच पाण्याने साडू मामांसमोर आपली सकाळी झालेली दाढी दुसऱ्यांदा करायचे, आणि करता करता होयबा आणि लोण्या यांच्यातला फरक सांगत राहायचे, तासभर. मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊजी, त्या माणसाचं काय चाललंय आणि तुमचं काय?" साडू टॉवेलने गाल टिपत म्हणाले, "अरे, काहीतरी बोलायला नको का? संपाबद्दल बोलू? त्यापेक्षा हे बरं."

मामांच्या शेजारच्या साच्यावर धाकू म्हणून एक माणूस होता. पंचवीस वर्षं दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले होते. संपानंतर त्याने आधी बायको-मुलांना गावी पाठवलं, मग भांडी विकली, आणि एक दिवस तो न्हाव्याकडे गेला, दाढी केली, केस कापून घेतले, धुतलेला लेंगा-सदरा घातला आणि चाळीत सगळ्यांना सांगत गेला, की गावाक चाललंय. मामांकडेही आला, चहा प्यायला, हसला. मामी नंतर म्हणाल्या, किती दिवसांनी माणसासारखा दिसत होता. तो गावाला पोचलाच नाही. टेकडीच्या मागच्या बाजूला दगडाची जुनी खाण होती, पाणी साचलेली. तिथे सापडला. ओळखायला मामांना बोलावलं होतं. त्यांच्याबरोबर साडू गेले, मी नाही. परत आल्यावर साडू आमच्या अंधेरीच्या घरी आले. मग म्हणाले, "गुळगुळीत होता रे. इतकी छान झाली होती दाढी." माझी बायको आत निघून गेली. मला त्या वेळी राग आला होता, या माणसाला अशा वेळीही दुसरं काही दिसू नये याचा. पण त्यांना तेच दिसलं होतं, आणि ते आतवर गेलं होतं, हे पुढे कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी मी आणि ही घाटकोपरला होतो, ताई आणि साडूही होते. साडूंनी नेहमीप्रमाणे पिशवीत हात घातला आणि मामा अचानक म्हणाले, "जावयानूं, हत्यार आणलास?" किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. साडू म्हणाले, "आणलंय की." मामा म्हणाले, "मगे काढून टाका ही. आज."

मला वाटलं, साडू उडी मारतील. इतक्या वर्षांची मोहीम फत्ते झाली होती. पण साडूंचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतला हात पिशवीतच राहिला. "आज नको, मामा," ते म्हणाले. "आज लोण्या नाही माझ्याकडे. पट्टी गेली त्याची." मामा म्हणाले, "दुसरां वापरा." साडू म्हणाले, "दुसऱ्याने आग होईल. वाढलेली दाढी आहे, कातडी आत मऊ झालेली असते, नवंच डोकं पाहिजे." मामा म्हणाले, "बरां." पुढच्या रविवारी साडू म्हणाले, आज पाणी जड आहे, फेस धरणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, माझाच हात लचकलाय. ताई बघतच राहिली. ज्या माणसाने बसमध्ये परक्याचा हात गालावर फिरवला, तो सासऱ्याची दाढी करायची टाळत होता. शेवटी मामा म्हणाले, "ऱ्हवांदे. मी न्हाव्याकडे जातंय." तेव्हा साडू जवळजवळ ओरडले, "न्हाव्याकडे नाही! न्हाव्याकडे जायचं नाही! मी करतो. पुढच्या रविवारी, देवाशपथ करतो."

त्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर ते थेट अंधेरीला माझ्याकडे आले. चहाही न घेता म्हणाले, "साडूभाऊ, तू येत्या रविवारी येच. आणि मी त्यांची दाढी केली की मी तिथेच राहणार. ऑफिसात रजा टाकलीय. त्यांना एकटं सोडायचं नाही."

मी म्हटलं, "का पण?"

"का काय? धाकूने काय केलं जाण्याआधी? आठव ना! माणूस गिरणी चालू होईपर्यंत दाढी ठेवतो आणि एक दिवस म्हणतो काढून टाका, याचा अर्थ काय? त्याने काय सोडलं, दाढी? इतके दिवस मी त्यांच्या मागे लागलो, कारण मला ठाऊक होतं ते हो म्हणणार नाहीत. ते नाही म्हणतात तोवर ठीक होतं रे." एवढं बोलून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गुळगुळीत गालांवरून उगाचच फिरवला. "वाट लागली ना माझी. माझ्याच हाताने करायची आता."

रविवारी आम्ही सगळे जमलो. साडूंनी आधी कात्रीने दाढी कापली, पेपरावर पांढऱ्या केसांचा ढीग पडला. मग गरम पाण्याचा टॉवेल पिळून मामांच्या तोंडावर ठेवला, तो निवला की दुसरा. मग साबण, गोल गोल, हळूहळू, इतका वेळ की मामी दारातून म्हणाल्या, "जावयानूं, कपडे धुतास काय?" कोणी हसलं नाही. त्यांनी पहिलं डोकं लावलं ते हेडमास्तर. दोन ओढीत त्याच्या पात्यांत केस अडकून बसले. पेल्यात खळबळून, ठोकून, पुन्हा. एक डोकं गेलं, दुसरं लावलं. आणि साडू बोलायला लागले. "हा बघा मामा, हा ताठ आहे, पण राठ केसाला हाच लागतो. आता जबडा आला, आता होयबा घ्यायचा, हा वळतो बघा, तुम्ही तोंड फुगवू नका, तो आपला आपण वळतो..." हात स्थिर होता. मामांचे डोळे मिटलेले. दाढीखालून जो गाल निघत होता तो आम्ही विसरलोच होतो. उन्हाने रापलेल्या कपाळाखाली पिठासारखी पांढरी, बसकी, सुरकुतलेली कातडी. हनुवटीवर एक खळी होती. माझ्या बायकोने ती पाहिली आणि ताईचा हात धरला.

लोण्या शेवटी, गळ्यासाठी ठेवला होता. त्याचं डोकं नवं कोरं होतं. साडूंनी मामांची मान मागे कलती केली, पातं गळ्याला लावलं आणि तिथे मात्र त्यांचा हात थांबला. बोलणंही थांबलं. साडू म्हणाले, "मामा, एक विचारू? तुम्ही... धाकू कसा... म्हणजे तुमच्या मनात तसं काही..."

मामांनी एक डोळा उघडला. "जावयानूं, गळ्यार पातां तुमच्या हातात हा, आणि भियतास तुमी?"

साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात अडकले होते, त्यामुळे पुसता येत नव्हतं. मामांनी ते पाहिलं. मग मान तशीच मागे ठेवून, छताकडे बघत ते बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"गिरणीकडे गेल्लंय. साचे मोडून लॉरीत भरतत म्हणान ऐकलां, तां बघूक. भंगाराच्या भावान चाललेत. माझो साचो माका वळखाक इलो नाय, सगळे तुकडे. गेटार नवो वॉचमन होतो. माका म्हणता, 'बाबा, आगे जाओ, इधर कुछ नहीं मिलेगा.'" ते थांबले. "त्याची काय चूक? मी भिकाऱ्यासारखोच दिसत होतंय. घराक येतना म्हटलां, गिरण नाय तर नाय. आपलां तोंड तरी आपल्याक परत मिळांदे. तेवढांच हां. दुसरां काय नाय. आता करा काय ता, मान दुखता."

साडूंनी केली. एक थेंब रक्त आलं नाही. टॉवेलने टिपलं, तुरटी लावू का विचारलं, मामा म्हणाले नको. आरसा मागितला. बराच वेळ त्यांनी स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हातारो झालंय." मामी दारातून म्हणाल्या, "ते तुमी कवाच झाल्लास. झाकून ठेवलेलास एवढांच." आणि मग मात्र आम्ही हसलो, मामाही हसले, आणि ताई हसता हसता स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. साडूंनी रजा टाकलेली होतीच. ते आठवडाभर टेकडीवर मुक्कामाला राहिले. मामा संडासला गेले तरी हे डबा घेऊन मागे. मामांनी एक-दोनदा शिव्या घातल्या, मग सवय करून घेतली.

दाढी गेली, पण दिवस बदलले असं मी म्हणणार नाही. गिरणी उघडायची नव्हतीच. पुढच्या वर्षी मामांनी चाळीतली खोली सोडली आणि दोघं गावी गेली. जाताना साडूंनी मामांच्या ट्रंकेत होयबाची दोन पाकिटं घातली आणि वापरायचं कसं ते एस.टी. सुटेपर्यंत खिडकीतून समजावलं. मामांनी गावी काय केलं ते आम्हाला मामींकडूनच कळलं. रोज सकाळी उठून दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसायचे. वाटेने जाणारा विचारायचा, "खंय चाललास?" तर म्हणायचे, "खंय नाय. बसलंय." वयाच्या मानाने लवकर गेले. बसल्या जागी, सकाळच्या उन्हात. आम्ही दोघे जावई पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी सगळं आटोपलं होतं, गाव थांबत नाही. साडू खळ्यात त्या रिकाम्या खुर्चीजवळ उभे राहिले. त्या प्रवासात, जाताना किंवा येताना, ते दाढीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मला ते सहन होईना. मीच महाडच्या स्टँडवर विचारलं, "भाऊजी, हल्ली कुठला वापरता?" ते म्हणाले, "जो मिळेल तो."

मामींना ते हट्टाने मुलुंडला घेऊन आले. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्या पिढीला जड. मामी म्हणायच्या, चार दिवस ऱ्हवतंय, मगे जातंय. साडू म्हणायचे, हो हो, चार दिवस. ते चार दिवस संपलेच नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत मामी नुसत्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या, ताई सांगायची. जेवायचं म्हणजे दोन घास.

त्यानंतर कधीतरी एका सुट्टीच्या सकाळी मी मुलुंडला गेलो. दार ताईने उघडलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. आतल्या पॅसेजमध्ये बेसिन होतं. साडू बनियनवर उभे, तोंडाला साबण, आणि त्यांच्या बाजूला स्टुलावर मामी, मांडीवर टॉवेल, हातात गरम पाण्याचा तांब्या, कीर्तनाला बसावं तशा बसलेल्या. साडूंची गाडी पूर्वीच्या वेगाने सुरू होती. "आता हा नवा आलाय मामी, याला दोन पाती, पण मधलं अंतर कमी. त्यामुळे काय होतं, पहिलं पातं केस उचलतं, दुसरं कापायच्या आत केस परत बसायचा तो बसत नाही. कळलं?" मामी म्हणाल्या, "हां." "पण याचा दोष काय?" "काय?" मामींनी विचारलं. "सांगतो," म्हणून साडूंनी दांडी पाण्यात बुडवली.

मी मामींच्या शेजारी जाऊन वाकलो आणि हळूच म्हटलं, "मामी, यातलं काही कळतं का तुम्हाला?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच जुनी, मामांना टोला मारणारी चमक होती. "माका कळूक कित्याक व्हया?" त्या म्हणाल्या. "कोणतरी बोलता मां. आमच्या घरात किती वर्सां कोण बोलूकच नाय." मग तांब्या पुढे करून साडूंच्या पेल्यात ऊन पाणी ओतलं आणि मला कोपराने ढोसलं. "गप ऱ्हव जरा. ऐकांदे माका."